तुळशीच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण पाण्यासारखं नितळ असतं. त्यात तुळशीचा अर्क ओतून ते गरम ठेवलं, की थोड्या वेळाने पिवळसर होतं, मग मधाच्या रंगाचं, मग दाट तपकिरी. हा रंग चांदीच्या नॅनोकणांचा, म्हणजे काही नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) आकाराच्या कणांचा असू शकतो. पहिल्यांदा हे डोळ्यांसमोर घडतं तेव्हा मुलं बीकरपासून हलायला तयार नसतात. मलाही तो क्षण अजून आवडतो.

पण गडबड होते ती इथेच. रंग बदलला, मोबाइलवर फोटो काढला, अहवालात ‘नॅनोकण तयार झाले’ असं लिहिलं आणि काम संपलं. तुळशीचा अर्क नुसता तापत ठेवला तरी तो गडद होतो. सिल्व्हर नायट्रेटमध्ये जरा सेंद्रिय घाण गेली आणि वर ऊन पडलं, तर तेही काळवंडतं. मग तुमच्या बीकरमधला तपकिरी रंग नॅनोकणांचाच कशावरून? बीएस्सी-एमएस्सीचा पहिला प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी इथे कृती सांगतोच आहे, पण हा प्रश्न शेवटपर्यंत सोडायचा नाही.

चांदी आणि तुळसच का

चांदीचा आयन इलेक्ट्रॉन घ्यायला तयारच बसलेला असतो. त्याचं प्रमाण क्षपण विभव, म्हणजे इलेक्ट्रॉन घेण्याच्या ओढीचं माप, अधिक ०.८० व्होल्ट आहे. तांब्याचं अधिक ०.३४ आणि जस्ताचं उणे ०.७६. पानांतली पॉलिफेनॉल, फ्लॅव्होनॉइड अशी संयुगं इलेक्ट्रॉन देतात, पण त्यांच्यात काही अफाट ताकद नसते. चांदीच्या आयनाचं धातूत रूपांतर करणं त्यांना जमतं. जस्ताच्या बाबतीत ते होत नाही, म्हणूनच वनस्पतींच्या अर्कातून ‘जस्ताचे कण’ म्हणून जे बनवतात ते बहुधा तापवून मिळवलेलं झिंक ऑक्साइड असतं. तांबं बनलं तरी हवेत लगेच ऑक्सिडाइझ होऊ लागतं. नवख्याने चांदीपासून सुरुवात करावी, ती याचसाठी.

दुसरं कारण रंगाचं. चांदीच्या इतक्या बारीक कणांमधले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या एका ठरावीक तरंगलांबीला एकदम हेलकावे घेतात. याला सरफेस प्लाझ्मॉन रेझोनन्स म्हणतात. चांदीसाठी ही तरंगलांबी साधारण ४०० ते ४५० नॅनोमीटर, म्हणजे जांभळ्या-निळ्या भागात. तो प्रकाश शोषला गेला की आपल्याला उरलेला पिवळा-तपकिरी रंग दिसतो. सोन्याच्या कणांचं शोषण ५२० नॅनोमीटरच्या पुढे असतं, म्हणून ते माणकासारखे लाल दिसतात.

तुळस घेतली कारण ती वर्षभर मिळते, तिच्यात रोझमॅरिनिक आम्लासारखी फेनॉलिक संयुगं असतात आणि अर्क फार चिकट होत नाही. कोरफडीचा गर गाळताना जो जीव जातो तो इथे जात नाही. आवळा, हिरडा यांत टॅनिन इतकं असतं की अभिक्रिया झपाट्याने होते आणि नवख्याच्या हातून मधले टप्पे निसटतात.

या विषयाचं पुण्याशी जुनं नातं आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असायला हवं. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने २००४ मध्ये कडुलिंबाच्या पानांच्या अर्कातून चांदीचे, सोन्याचे आणि दोन्ही धातूंचे मिळून बनलेले कण दाखवले. त्याच वर्षी गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे चपटे त्रिकोणी कण मिळवले. आवळ्यावरचं त्यांचं काम २००५ चं. आज जगभर ज्या पद्धतीने पानं उकळून, गाळून, धातूच्या क्षारात मिसळतात, ती घडवण्यात या कामाचा मोठा वाटा आहे.

एक गैरसमज आधीच काढून टाकतो. ‘रासायनिक पद्धती विषारी, आमची पद्धत हिरवी’ हे वाक्य प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर असतं. १९५१ मधली टर्केविच यांची सोन्याच्या कणांची पद्धत सोडियम सायट्रेट वापरते, आणि सायट्रेट हे लिंबातल्याच आम्लाचं मीठ आहे. सोडियम बोरोहायड्राइडसारख्या जहाल रसायनाबद्दल तक्रार करा, ती रास्त आहे. पण सगळ्यांना एका मापाने मोजू नका. आणि चांदीचं उरलेलं पाणी बेसिनमध्ये ओतणार असाल, तर तुमची पद्धतही हिरवी नाही.

पान ओळखणं आणि अर्क काढणं

आधी झाड नक्की करा. बाजारात ‘तुळस’ म्हणून काळी तुळस, हिरवी तुळस, राम तुळस, कधी सब्जाही मिळतो. यातल्या काही जाती वेगळ्या आहेत, त्यामुळे रसायनंही वेगळी. फुलासकट एक फांदी दाबून वाळवा आणि कॉलेजच्या वनस्पतीशास्त्र विभागातून किंवा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेसारख्या ठिकाणाहून ती ओळखून घ्या. पानं कुठून, कोणत्या महिन्यात, सकाळी की दुपारी तोडली, हेही वहीत लिहा. मे महिन्यातल्या आणि श्रावणातल्या पानांचा अर्क सारखा वागत नाही. हे लिहून ठेवलं नाही तर पुढच्या वर्षी तुमचाच प्रयोग तुम्हाला पुन्हा करता येणार नाही.

ताजी, कीड नसलेली १० ग्रॅम पानं घ्या. नळाखाली धुवा, पण शेवटचे तीन हात डिस्टिल्ड वॉटरचेच हवेत. टिपकागदावर पाणी टिपून पानं बारीक चिरा. मिक्सरमध्ये घालू नका. त्याने गर फुटून द्रव गढूळ होतो आणि गाळायला तास लागतो. १०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये पानं घालून वॉटर बाथवर ६० ते ७० अंश सेल्सिअसला २० मिनिटं ठेवा, बीकरवर वॉच ग्लास झाका. खळाखळा उकळायची गरज नाही. काढा करायची घरची सवय असते म्हणून मुद्दाम सांगतो, इथे आटवायचं नाही.

थंड झाल्यावर आधी मलमलच्या कापडातून, मग व्हॉटमन नंबर १ च्या गाळणकागदातून गाळा. हाती येणारा अर्क फिकट पिवळा-तपकिरी आणि पारदर्शक असावा. त्याचा पीएच मोजून लिहा. फ्रीजमध्ये ४ अंशांवर तो दोन-चार दिवस टिकतो, पण मी तरी त्याच दिवशी काढलेला अर्कच वापरायला सांगतो. शिळ्या अर्कात बुरशी वाढते आणि फेनॉल हवेने ऑक्सिडाइझ होतात. मग आकडे रोज वेगळे येतात आणि दोष कुठे आहे ते कळत नाही.

सिल्व्हर नायट्रेट

याचा रेणुभार १६९.८७. ०.१७० ग्रॅम मोजून १०० मिलीच्या स्टँडर्ड फ्लास्कमध्ये विरघळवलं की १० मिलिमोलरचा स्टॉक होतो. त्यातले १० मिली घेऊन पुन्हा १०० मिली केलं की १ मिलिमोलर. थेट १७ मिलिग्रॅम मोजण्यापेक्षा हे बरं, कारण कॉलेजातल्या साध्या तराजूवर १७ मिलिग्रॅम मोजताना होणारी चूक फार मोठी असते.

स्टॉक तपकिरी बाटलीत किंवा अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळून, अंधारात ठेवा. हातमोजे आणि चष्मा घाला. हे द्रावण त्वचेवर सांडलं की लगेच काही दिसत नाही, पण उजेडात तिथे काळा डाग उमटतो आणि कातडीचा थर झडेपर्यंत जात नाही. डोळ्यात गेलं तर इजा गंभीर होऊ शकते.

आता पाणी. सगळ्यात जास्त प्रोजेक्ट इथे बुडतात. नळाच्या, बोअरवेलच्या आणि बऱ्याचदा आरओच्याही पाण्यात क्लोराइड असतं. ते चांदीला भेटलं की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा अवक्षेप तयार होतो. द्रावण दुधासारखं धूसर होतं, उजेडात हळूहळू जांभळट-राखाडी पडतं, आणि तो रंग बघून ‘कण तयार झाले’ असं वाटू शकतं. म्हणून डिस्टिल्ड वॉटरची कॅन उघडली की सर्वात आधी परीक्षानळीत थोडं पाणी घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका आणि काळ्या कागदासमोर धरा. किंचितही धूसर दिसलं तर ते पाणी बाजूला. काचेची भांडीसुद्धा नळाखाली धुऊन तशीच वापरू नका. पातळ नायट्रिक आम्लाने खळबळून मग डिस्टिल्ड वॉटरने तीन-चार वेळा धुवा. भांडी धुवायला हायड्रोक्लोरिक आम्ल कधीच नको, कारण त्यात क्लोराइडच आहे.

मिसळणं, आणि सोबतचे तीन बीकर

९० मिली १ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट कोनिकल फ्लास्कमध्ये घ्या, ६० अंशांच्या वॉटर बाथवर ठेवा आणि चुंबकीय ढवळणीवर किंवा हाताने हलवत त्यात १० मिली अर्क थेंब थेंब सोडा. आता मिश्रणातली चांदीची संहती ०.९ मिलिमोलर झाली, अहवालात हाच आकडा लिहा. फ्लास्कवर फॉइल गुंडाळा, म्हणजे जो काही बदल होईल तो अर्कामुळे की उजेडामुळे, हा वाद राहणार नाही.

याच वेळी, याच बाथमध्ये, आणखी तीन बीकर ठेवायचे. एकात ९० मिली डिस्टिल्ड वॉटर आणि १० मिली अर्क. दुसऱ्यात ९० मिली सिल्व्हर नायट्रेट आणि १० मिली डिस्टिल्ड वॉटर. तिसरा बीकर तुम्ही सोडियम हायड्रॉक्साइड घालून पीएच वाढवणार असाल तरच लागतो. त्यात सिल्व्हर नायट्रेट, पाणी आणि तेवढंच सोडियम हायड्रॉक्साइड. हा तिसरा अनेकजण विसरतात. अल्कलीत चांदीचा आयन सिल्व्हर ऑक्साइड म्हणून खाली बसतो आणि त्याचा रंगही तपकिरीच असतो. पीएच वाढवल्यावर अभिक्रिया चटकन होते हे खरं आहे, कारण फेनॉल अल्कलीत सहज इलेक्ट्रॉन देतात. पण पहिल्या खेपेला पीएचला हात लावू नका. आणि पीएच वाढवायला अमोनिया तर कधीच नाही. अमोनियायुक्त चांदीचं द्रावण ठेवून दिलं की त्यात स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतात.

रंग साधारण अर्ध्या तासात बदलू लागतो, कधी दोन-तीन तास लागतात. घाई करून अर्क दुप्पट घालू नका. जास्त अर्क म्हणजे जास्त चांगले कण असं गणित नाही. कणांवर सेंद्रिय पदार्थांचा जाड थर बसतो आणि पुढे धुताना त्रास होतो.

रंग आकड्यात पकडणं

०, १५, ३०, ६०, १२० मिनिटांनी आणि २४ तासांनी १-१ मिली नमुना काढा, पाण्याने ५ ते १० पट पातळ करा आणि यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ३०० ते ७०० नॅनोमीटर स्कॅन घ्या. ब्लँक म्हणून साधं पाणी नको, तितकाच पातळ केलेला पहिल्या बीकरमधला अर्क वापरा. शोषण १ च्या आत राहील इतकं पातळ करा, नाहीतर आलेखाचा माथा सपाट होतो आणि शिखर कुठे आहे ते वाचता येत नाही.

४२० ते ४४० नॅनोमीटरच्या आसपास स्पष्ट उंचवटा दिसला आणि तो वेळेबरोबर वाढत गेला, तर चांदीचे नॅनोकण असण्याचा हा पहिला खरा पुरावा. उंचवटा अरुंद असेल तर कण बऱ्यापैकी सारख्या आकाराचे. तो रुंद होऊन उजवीकडे ओढला गेला तर कण मोठे होताहेत किंवा एकमेकांना चिकटताहेत. शिखर न दिसता डावीकडून उजवीकडे नुसता उतार दिसला, तर तो अर्काचा किंवा गढूळपणाचा आहे. अशा आलेखावर बोट ठेवून ‘इथे थोडं फुगलंय’ म्हणू नका.

लेझर पॉइंटरचा किरण द्रावणात चमकतो हे दाखवून बरेचजण खूश होतात. नुसत्या अर्कातही तो चमकतो, करून पाहा. हा टिंडल परिणाम द्रावणात बारीक कण तरंगताहेत (ते कलिल आहे) एवढंच सांगतो, चांदी आहे असं नाही.

कण वेगळे करणं, आणि किती मिळणार

सेंट्रिफ्यूजमध्ये समोरासमोरच्या नळ्या वजन करून सारख्या करा, डोळ्यांनी मापून नाही. १२,००० आरपीएमवर २० मिनिटं फिरवा. आरपीएमबरोबर रोटरचं नाव किंवा ‘जी’मधला आकडाही लिहा, कारण दुसऱ्या यंत्रावर तेच आरपीएम म्हणजे तेच बळ नव्हे. वरचं पाणी काढा, तळाच्या गाळात डिस्टिल्ड वॉटर घालून नीट मिसळा, पुन्हा फिरवा. असं तीनदा. वरचं पाणी अजून पिवळंच असेल तर बारीक कण त्यातच राहिलेत, ते फेकू नका. गाळ ५० अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवा. कोरडी पूड खरवडताना मास्क हवाच, इतकी बारीक धूळ श्वासात जाऊ द्यायची नाही.

आता हिशोब करा. ९० मिली १ मिलिमोलर द्रावणात चांदी असते जेमतेम ९.७ मिलिग्रॅम. शंभर टक्के अभिक्रिया झाली तरी त्याहून जास्त चांदी मिळणार नाही. एक्सआरडीसाठी (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याच्या तपासणीसाठी) दहांच्या पटीत मिलिग्रॅम पूड लागते, म्हणून आधीच अर्धा लिटरची खेप करायची तयारी ठेवा. आणि तुमच्या हाती १०० मिलीच्या खेपेतून २५ मिलिग्रॅम पूड आली, तर आनंद मानण्याआधी थांबा. त्यात अर्ध्याहून अधिक वजन वनस्पतीचं किंवा सिल्व्हर क्लोराइडमधल्या क्लोरीनचं आहे. हा साधा हिशोब अहवालात क्वचितच दिसतो, आणि परीक्षकाने तो विचारला की मुलं गप्प होतात.

बाहेरच्या तपासण्या

एक्सआरडी, टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) ही यंत्रं प्रत्येक कॉलेजात नसतात. आयआयटी मुंबईच्या सैफ केंद्रासारख्या ठिकाणी शुल्क भरून नमुना पाठवता येतो. रांग मोठी असते, त्यामुळे नोंदणी प्रोजेक्टच्या शेवटच्या महिन्यावर ठेवू नका.

एक्सआरडीत चांदीची चार शिखरं शोधा: दोन-थीटा ३८.१, ४४.३, ६४.४ आणि ७७.४ अंश. तांब्याचा क्ष-किरण वापरला असेल तरच हे आकडे लागू. सोबत २७.८, ३२.२ आणि ४६.२ अंशांवर शिखरं आली तर ती सिल्व्हर क्लोराइडची आहेत. कित्येक अहवालांत ती ‘वनस्पतीतल्या सेंद्रिय पदार्थांची’ म्हणून खपवलेली दिसतात. पानातही क्लोराइड असतं, त्यामुळे पाणी शुद्ध असूनही ती येऊ शकतात. आली तर तसं स्पष्ट लिहा, त्यात कमीपणा काहीच नाही.

शिखराच्या रुंदीवरून शेरर सूत्राने स्फटिकाचा आकार काढतात. समजा ३८.१ अंशांवरच्या शिखराची अर्ध्या उंचीवरची रुंदी ०.६ अंश आहे. आधी ती रेडियनमध्ये बदला, ०.०१०५. थीटा म्हणजे ३८.१ चा अर्धा, १९.०५ अंश, त्याचा कोसाइन ०.९४५. आता ०.९ गुणिले ०.१५४०६ नॅनोमीटर (क्ष-किरणाची तरंगलांबी), भागिले या दोघांचा गुणाकार. उत्तर साधारण १४ नॅनोमीटर. अंशांचे रेडियन करायला विसरणं आणि थीटाऐवजी दोन-थीटा घालणं, या दोन चुका मी दरवर्षी तपासताना पाहतो.

टीईएमच्या एकाच सुंदर फोटोवर भागवू नका. इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये निदान १०० कण मोजून त्यांचा आलेख काढा. डीएलएसचा (द्रावणातल्या कणांनी विखुरलेल्या प्रकाशावरून आकार मोजण्याच्या पद्धतीचा) आकडा टीईएमपेक्षा मोठा येणार, कारण तो कणाभोवतीचा सेंद्रिय थर आणि पाणी धरून मोजतो. दोन आकडे जुळत नाहीत म्हणून घाबरू नका, एक लपवूही नका. एफटीआयआर (अवरक्त प्रकाशाने रेणूंमधले बंध ओळखण्याची तपासणी) मात्र जपून वाचा. ३४०० सेमी⁻¹ च्या आसपासचा रुंद पट्टा आणि १६३० सेमी⁻¹ चा पट्टा ओलसर नमुन्यातल्या पाण्यामुळेही येतो. त्यावरून ‘फ्लॅव्होनॉइडने क्षपण केलं’ असं सिद्ध होत नाही. वाळवलेला अर्क आणि धुतलेले कण यांचे आलेख एकाखाली एक ठेवा, आणि फरक दिसेल तेवढाच सांगा.

जंतूंवर परिणाम बघायचा असेल तर तो सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत, तिथल्या शिक्षकांसमोर. जंतू पसरलेल्या अगरच्या (जेलीसारख्या थराच्या) खड्ड्यात कण घालताना शेजारी नुसता अर्क आणि तितक्याच चांदीचं सिल्व्हर नायट्रेट घालायलाच हवं. चांदीचा आयन स्वतःच जंतुनाशक आहे. कण नीट धुतले नसतील तर खड्ड्याभोवती जंतू न वाढलेलं जे वर्तुळ दिसतं ते उरलेल्या सिल्व्हर नायट्रेटचं असेल.

आणि हे द्रावण कुणीही पिऊ नये, जखमेला लावू नये. तुळस आहे म्हणून ते औषध होत नाही, रौप्य भस्माशीही त्याची तुलना करू नका. चांदी दीर्घकाळ पोटात गेली की त्वचा कायमची निळसर-राखाडी पडते, त्याला आर्जिरिया म्हणतात.

उरलेली चांदी

प्रयोग सुरू करायच्या आधीच एका मोठ्या बाटलीवर ‘चांदीचा कचरा’ असं लिहून ती टेबलावर ठेवा. न वापरलेलं सिल्व्हर नायट्रेट, धुण्याचं पहिलं पाणी, सेंट्रिफ्यूजमधलं वरचं पाणी, फसलेल्या खेपा, सगळं त्यातच. आठवड्याच्या शेवटी त्यात मिठाचं पाणी घालून रात्रभर ठेवा. आयन सिल्व्हर क्लोराइड होऊन खाली बसतात, बरेचसे कणही गोळा होऊन तळाला जातात. वरचं नितळ पाणी परीक्षानळीत घेऊन त्यात मिठाच्या पाण्याचा आणखी एक थेंब टाका. पांढरं झालं नाही तर विरघळलेली चांदी जवळपास संपली. साका गाळून, वाळवून, लेबल लावून विभागाच्या घातक कचऱ्याच्या डब्यात जमा करा, आणि किती ग्रॅम जमा केला ते वहीत त्याच तारखेखाली लिहा.